ज्याचा दम त्याला ठाव

परवा दोन पोरं घरी आली. वस्तीत कबड्डीचे सामने भरवतायत म्हणाली, आणि बारक्या खेळाडूंना खेळातल्या खरेपणाबद्दल आजोबांनी दोन शब्द सांगावेत. मला आधी वाटलं, वर्गणी मागायला आलीत. वर्गणी नको म्हणाली तेव्हा संशय जास्तच वाढला. कोणी शिकवून पाठवलंय का तुम्हाला, असं विचारलं. ती हसली. म्हातारा असाच आहे, हे त्यांना घरून सांगितलेलं असणार.

मी नाही म्हणालो. माइक पुढं आला की माणूस खरं बोलत नाही, हे मी पुष्कळ बघितलंय. शिवाय घरातलं माणूस जाऊन अजून वर्ष व्हायचंय. उभा राहिलो बोलायला तर भलतंच तोंडात येईल. पण पोरं गेल्यावर विषय काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंत. चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

मी हुतुतू शिकवायचो. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. कबड्डी हे नाव आमच्या बाजूला तेव्हा कोणी घेत नव्हतं. आमचं गाव चऱ्होलीच्या पलीकडं, इंद्रायणीच्या अंगाला. आज तिथं बिल्डिंगी उभ्या आहेत आणि खालच्या दुकानदाराला गावाचं नाव विचारलं तर तो मोबाइलात बघतो. तेव्हा मळणी उरकली की खळी मोकळी व्हायची. शेणानं सारवलेली घट्ट जमीन. पडलं तर खरचटायचं, हाड मोडायचं नाही. दिवसा मी सायकलीनं पिंपरीला जायचो. तिकडं माळावर कारखाने उभे राहत होते. मी विटा वाहायला गेलो आणि पुढं आतच चिकटलो. संध्याकाळी परत आलो की राखेनं रेघा आखायच्या आणि पोरं गोळा करायची. माझं लग्न नुकतं झालेलं. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, नवी बायको घरात आणि हा खळ्यावर पोरं नाचवतोय.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवरच बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. आता चढाईला घड्याळ लावतात. आमच्या वेळी घड्याळ म्हणजे छाती. एका दमात हुतुतूतूतू म्हणत समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, कोणाला तरी शिवायचं आणि तोच दम घेऊन मधल्या रेघेला परत यायचं. त्यांनी धरलं आणि त्यांच्या हद्दीतच दम तुटला की तुम्ही बाद. धरलेलं असतानाही दम टिकवून रेघेला हात लावला तर धरणारे सगळे बाद. सगळा खेळ त्या दमावर. आणि दम असतो माणसाच्या आत. आत कोण डोकावणार?

चोरी तिथंच होते. पोरगं समोरच्यावर झेपावताना मांडीवर थाप मारतं. बघणारे म्हणतात, काय जोर आहे. मी म्हणतो, थापेच्या आवाजाखाली त्यानं घोटभर वारा आत ओढला. हे मी लहानपणी स्वतः बघितलेलं, एका नावाजलेल्या खेळाडूचं. तेव्हापासून मांडी थोपटणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. म्हणून शिकवायला लागल्यावर पहिला नियम केला: थोपटायचं नाही. पोरं हिरमुसली. थोपटल्याशिवाय चढाई म्हणजे पिपाणीशिवाय वरात. दुसऱ्या गावची पोरं आमच्या संघाला गपगार फळी म्हणून चिडवायची. एक जण तर म्हणाला, राव, तुमची पोरं चढाईला चाललीत का मयताला?

दुसरा नियम होता, दम तुटला की आपला हात आपण वर करायचा आणि बाहेर व्हायचं. पंच ओरडायची वाट बघायची नाही. पोरं माना हलवायची आणि माझ्यासमोर हात वरही करायची. माझ्यासमोर करायची, हीच तर अडचण होती. मी नसताना काय करतात? म्हणून कामावर उशीर आहे असं सांगायचो, सायकल ओढ्यात आडवी करायचो आणि कडब्याच्या गंजीमागं बसून बघायचो. एकदा बायको शेणाचं घमेलं घेऊन तिकडून आली. मला बघून थांबली.

"पोरांना खरं वागाय शिकवताय, का त्यांच्यावर दरवडा घालताय?"

मी तिला गप बस म्हणून खूण केली. ती गप बसली, पण हसत गेली. तिचं ते हसणं मला आवडायचं आणि त्याचा संशयही यायचा. लग्नाला दोन उन्हाळे झाले नव्हते.

तिच्या कानाबद्दल सांगितलं पाहिजे. ती संध्याकाळी खळ्याच्या कडेला सूप घेऊन पाखडत बसायची. खेळाकडं बघायची पण नाही. जेवायला वाढताना मात्र सहज म्हणायची, कुंभाराच्या थोरल्यानं आज मधीच वारा घेतला. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, जात्यावर बसणाऱ्या बाईला विचारा. ओवी ओढताना शेजारची कुठं श्वास चोरती ते ऐकू येतंच की. माझा विश्वास बसेना. मी एका पोराला मुद्दाम सांगितलं की आज चोर, बघू. तिनं त्याच दिवशी त्याचं नाव घेतलं. मग मात्र मी मानलं. गावात एवढ्या एकाच माणसाचा शब्द मी तपासल्याशिवाय घ्यायला लागलो.

पुढच्या वर्षी तिचा भाऊ आमच्याकडं राहायला आला. माझा मेव्हणा. त्यांचं गाव चाकणच्या बाजूला. कांद्याच्या वाफ्यात राबून घरात काही उरत नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी पाठवला की दाजींच्या वशिल्यानं कंपनीत लागतोय का बघावं. लांब हाताचं, काटक पोरगं. पहिल्याच संध्याकाळी चढाईला गेलं आणि त्याचा दम संपेचना. बघणारे हरखले. मी बघत होतो त्याच्या छातीकडं. एवढा दम देव कोणाला देत नाही. दिला तर काहीतरी काढून घेऊन देतो.

गावात कुजबुज सुरू झाली. मास्तरचा मेव्हणा म्हणून फळीत घेतला, मास्तरचा मेव्हणा म्हणून त्याच्याकडं काणाडोळा. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: दम चोरताना सापडला तर फळीतून बाहेर, आणि माझ्या घरातूनही बाहेर. बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं. माहेरच्या माणसाबद्दल असं चारचौघांत बोलल्यावर बाईला काय वाटतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आधी नियम.

त्या दिवशी जेवताना तिला विचारलं, "तुझा भाऊ दम चोरतो का?"

"न्हाई."

एवढंच. बाकीच्या पोरांबद्दल विचारलं की कुठं घेतला, कसा घेतला, सगळं सांगायची. भावाबद्दल एक शब्द, आणि नजर तव्यावर. मी चार दिवसांनी परत विचारलं. परत न्हाई. गावातला एकच कान माझ्या भरवशाचा होता, आणि आता मला त्या कानाचाच संशय यायला लागला. बाई नवऱ्याशी खरी, पण भावाच्या बाबतीत? भाऊबीजेला ओवाळते ती. घरात तिघं जेवायला बसायचो आणि मी दोघांच्या तोंडाकडं बघत घास गिळायचो. मेव्हणा मान खाली घालून जेवायचा. ती त्याला वाढताना कधीकधी अगदी हळू काहीतरी बोलायची. मी कान टवकारले की भाकरीचा विषय निघायचा.

चैत्रात नदीपलीकडच्या गावची जत्रा असायची. खंडोबाच्या देवळापुढं मैदान, आणि दरवर्षी त्यांचा आणि आमचा सामना. जिंकणाऱ्याला फेटा आणि नारळ, आणि वर्षभर बाजारात ताठ मानेनं फिरायचं. सगळं गाव गाड्या जुंपून गेलं. बायकाही गेल्या. माझी बायको तेव्हा सातव्यात होती, तरी आली. दीपमाळेच्या सावलीत बायकांमध्ये बसली.

सामना अगदी बरोबरीत आला. शेवटच्या चढाईला आमचा मेव्हणा. त्यानं एकाला शिवलं आणि मागं वळताना दोघांनी झडप घातली. एकानं घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर. तो पडला. पडल्या पडल्या मातीतून सरकत राहिला आणि रेघेवर बोटं टेकवली. मी रेघेला लागून उभा होतो. त्याचे ओठ राखेला बोट लागेपर्यंत हलत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. तेवढ्यात त्यांचा म्होरक्या मधे आला. म्हणाला, "दम अलीकडंच मेला व्हता. हा मेलेल्या दमानं सरपटत आलाय."

दोन्हीकडची माणसं आत घुसली. पंच म्हणून त्यांच्या शाळेचे गुरुजी होते. बिचारे म्हणाले, एवढ्या कालव्यात मला ऐकू आलं नाही, मी खोटं कसं सांगू? मग देवळाच्या पायरीवरून एक म्हातारा उठला. त्या बाजूची रीत अशी होती की भांडण मिटेना तर बेल-भंडार उचलायचा. बेलाचं पान आणि हळदीची पूड तळहातावर घेऊन देवासमोर बोलायचं. खोटं बोललं तर ते ज्या घरचं अन्न खातो त्या घरच्या लेकराबाळांवर येतं, असं मानायचे. खेळासाठी भंडार उचललेला मी कधी ऐकला नव्हता. पण म्हातारा म्हणाला, देवाच्या दारात खेळताय, मग देवाच्या दारातच मिटवा. ताट आलंसुद्धा.

"उचलतो की," मेव्हणा म्हणाला आणि हात पुढं केला.

फार लवकर म्हणाला. खऱ्या माणसाला आधी राग येतो, माझ्यावर संशय घेता काय म्हणतो, मग उचलतो. ह्याला राग आलाच नाही. तो ज्या घरचं अन्न खात होता ते घर माझं. पाळणा हलायचा होता तोही माझ्याच घरात.

मी थांबा म्हणालो आणि सरळ बायकांच्या घोळक्याकडं गेलो. तेव्हा चारचौघांत नवरा बायकोशी बोलत नसे. लोक बघत राहिले. मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "तू ऐकलंस. सांग. दम तुटला का नाही?"

ती उठून उभी राहिली. हात पोटावर. माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यावरून मैदानाकडं बघत बोलली, आणि मैदानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"मला कशाला इचारता? ज्याचा दम त्याला ठाव."

मी वळलो. मेव्हण्याच्या तळहातावर हळद होती, बेलाचं पान होतं. तो तिच्याकडं बघत होता. मग त्यानं ती हळद सावकाश परत ताटात ओतली आणि तोच पिवळा हात वर केला.

"तुटला व्हता," म्हणाला. "रेघंच्या अलीकडं."

आम्ही हरलो. त्यांनी फेटा बांधला, नारळ फोडला, आणि खोबरं आम्हालाही दिलं, ते जास्त लागलं. परत येताना आमच्या गाडीत बसायला कोणी तयार होईना. दुसऱ्या दिवसापासून गाव सुरू झालं. हरायला शिकवायचं तर मास्तर कशाला लागतो? ते तर आपलं आपल्यालाही येतं. पारावर एक जण माझ्याकडं बघून रोज हात वर करायचा.

घरी आल्यावर मेव्हणा गाठोडं बांधायला लागला. माझा शब्द होता, सापडला तर घराबाहेर. बायको चुलीपुढं बसून त्याच्यासाठी वाटेच्या भाकरी थापत होती. एका शब्दानं मला विनवलं नाही. मी उंबऱ्यात बसून विचार केला. तो सापडला नव्हता. त्यानं हात वर केला होता, आणि हात वर करणारा चोर नाही, हा नियम माझाच. मी म्हणालो, सोड ते गाठोडं. त्यानं सोडलं. तिनं भाकरी टोपल्यात ठेवल्या आणि त्याच आम्ही तिघांनी खाल्ल्या.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्याची खोड वेगळी. ओठ हलताना मी बघितले होते. मग दम तुटला कधी? आठ दिवसांत माझ्या मनानं घेतलं की दम तुटलाच नव्हता. खरा असूनही बहिणीच्या पोटातल्या लेकरावर भंडार उचलायला तो भ्याला आणि जिंकलेला डाव सोडून दिला. म्हणजे चोर नाही, पण खोटारडा. आता बघा, चोरी करून कबूल झाला असता तर त्याला घरात ठेवणं बरोबर होतं. पण चोरी न करता कबूल झाला असेल, तर देवाच्या दारात खोटं बोलला, आणि त्या खोट्यासाठी मी त्याला शाबासकी दिली. आणि तिनं? तिनं ऐकलं होतं. तिला नक्की माहीत होतं. ती का बोलली नाही?

खळ्यावर आणखी एक गंमत. त्या जत्रेनंतर पोरं आपणहून हात वर करायला लागली. गंजीमागून बघितलं तरी करत होती. मी खूश व्हायला हवं होतं. मला वाटलं, अंगाला मार नको म्हणून लवकर बाहेर पडायची युक्ती काढलीय लबाडांनी.

मेव्हणा कंपनीत लागला, पुढं काळेवाडीत त्यानं घर केलं. आमची लेक झाली, मोठी झाली, सासरी गेली. मी बायकोला विचारत राहिलो. सणाला, बाजारातून येताना, कधीही. त्या दिवशी दम तुटला होता का? ती म्हणायची, तुमाला काय वाटतं? मी चिडायचो. लेक म्हणायची, बाबांना भाजीत मीठ कमी लागलं तरी ते जत्रेचंच विचारतात. शेवटच्या आजारातही विचारलं मी. एवढा मी कोडगा. तिनं डोळे मिटूनच मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दहाव्याला आळंदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माणसं म्हणाली, समाधानानं गेली, काही राहिलं नव्हतं तिचं. तिचं नसेल. माझं राहिलं होतं. मेव्हणा पायरीवर बसून धापा टाकत होता. आता त्याला दोन जिने चढवत नाहीत. हुतुतूचा दम गेला कुठल्या कुठं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं.

"दाजी, अजून त्याच्यातच हाय व्हय तुमी?"

"सांग."

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, दम खरोखर तुटला होता. मी म्हणालो, ओठ हलत होते. तो हसला, हसता हसता खोकला. "ओठच हलत व्हते. आवाज न्हवता. तुमी थोपटाय बंदी केली, मग ते शिकलो. तुमी छाती बघायचा न्हाईतर तोंड बघायचा. ऐकत कुठं व्हता?"

मग हळूहळू सगळं बोलला. आमच्याकडं आल्यापासून तो चोरत होता. आक्कानं पहिल्याच दिवशी ओळखलं. मी घराबाहेर काढायची भाषा केली त्या दिवशी तिनं त्याला चुलीपाशी बसवून सांगितलं, मी ह्यांना सांगणार न्हाई, पण मी ऐकतीय. रोज वाढताना हळूच म्हणायची, आज घेतलास. कधी म्हणायची, आज न्हाई घेतलास, आणि भाकरीवर तुपाची धार जास्त धरायची. तो म्हणाला, हळूहळू त्याची चोरी सुटत गेली. जत्रेत नारळ समोर दिसला आणि जुनी सवय उसळली. भंडारही उचलला असता.

"तुमची भीती न्हवती, दाजी. तुमाला फसवाय तर मजा यायची. तिला फसवता येत न्हवतं, आन ती कुणाला सांगतबी न्हवती. त्याचं काय करायचं माणसानं?"

म्हणजे तिच्याबद्दलचा माझा संशय बरोबर होता. बायको माझ्याशी खोटं बोलली होती, तव्याकडं बघून, एकदा नव्हे, विचारलं तेवढ्या वेळा. घाटावर सगळी माणसं होती आणि मला तिचा राग आला, असा राग की ती समोर असती तर मी बोललो असतो आणि ती घमेलं उचलून हसत गेली असती. कोणाशी भांडू? इतकी वर्षं मी बरोबर होतो आणि ते सांगायला घरात माणूस नाही. मेव्हण्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो काढला नाही.

तर त्या सामन्यांचं. पोरांना काल निरोप धाडला की भाषण करणार नाही, पण येतो. खुर्ची मधल्या रेघेला लागून टाका म्हटलं, आणि सगळ्या खेळाडूंना आधीच सांगून ठेवा की आजोबा दम ऐकायला बसलेत, आणि ते कोणालाही काही सांगणार नाहीत.

कानानं मला आता फार कमी ऐकू येतं. ते मात्र पोरांना कळता कामा नये.